साठ दिवसांची कैद

१९५७ सालच्या एप्रिल महिन्यात फ्रान्सच्या सैन्यातील एका सेनापतीला साठ दिवसांची किल्ल्यातील कैद फर्मावण्यात आली. त्याचे वय त्या वेळी एकोणपन्नास होते आणि सेनापतिपद मिळून त्याला पुरते सहा महिनेही झाले नव्हते. महायुद्धात त्याने जे शौर्य गाजविले त्याबद्दल द गोलने त्याला आपला मोजक्या लोकांना दिलेला ‘मुक्तीचा सोबती’ हा किताब बहाल केला होता, आणि इंग्रजांनीही मानाचे पदक देऊन त्याचा गौरव केला होता. असल्या माणसाचा गुन्हा काय? तर एका साप्ताहिकात त्याचे एक पत्र छापून आले होते.

फ्रान्सचा लष्करी इतिहास म्हटला की आपल्याला नेपोलियन आठवतो. फार तर महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभारणारा द बॉइन आठवतो. (आणि तोही बिचारा जन्माने साव्हॉयचा, म्हणजे त्या काळी फ्रान्सच्या सरहद्दीबाहेरचाच!) माझेही ज्ञान याहून फारसे पुढे गेलेले नव्हते. परंतु जाक पारी द बोलार्दिएर हे लांबलचक नाव एकदा वाचनात आले आणि ते मनातून जाईना. दिवाळीच्या दिवसांत तुरुंगाची आणि छळाची गोष्ट काय सांगावी, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी मला विचारलेच. पण ही गोष्ट मुलांसमोरही वाचायला हरकत नाही, असे मला वाटते. किंबहुना मुलांसमोरच वाचावी.

बोलार्दिएर १९०७ साली जन्मला. घराणे ब्रिटनीकडचे, सैनिकी पेशाचे. सें-सीरच्या लष्करी विद्यालयातून बाहेर पडून तो परदेशी लोकांच्या त्या सुप्रसिद्ध ‘लेजियों’त दाखल झाला. १९४० च्या वसंतात नॉर्वेतील नार्विकच्या बर्फात तो जर्मनांशी लढला. तेथून त्याची तुकडी परत मायदेशी आली ती नेमकी जून महिन्यात, फ्रान्स कोसळत असताना. मार्शल पेताँने शस्त्रसंधीची मागणी केली. पेताँ म्हणजे पहिल्या महायुद्धातील व्हर्दूंचा वीर, वय वर्षे चौऱ्याऐंशी, आणि पुढे पार्लमेंटानेच त्याच्या हाती सारी सत्ता सोपविली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर सरकार त्याचेच होते, आणि सैनिकाने हुकूम मानायचा तोही त्याचाच. लंडनला पळून जाऊन तेथील नभोवाणीवरून लढा चालू ठेवण्याची हाक देणारा द गोल हा बंडखोर ठरला आणि त्याला देहान्ताची शिक्षा झाली. आमच्या या कप्तानाने ब्रिटनीच्या किनाऱ्यावर एक मासेमारी होडी गाठली आणि तोही इंग्लंडला गेला. विशी सरकारच्या लष्करी न्यायालयाने त्यालाही देहान्त सुनावला.

हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढची सारी गुंतागुंत येथूनच सुरू होते. १९४४ नंतरच्या फ्रान्सने ज्यांना वीर म्हणून डोक्यावर घेतले त्यांच्या वीरपणाची पहिली पायरी हुकूम मोडण्याची होती. त्या वेळी तसे करणारे फार थोडे होते. (आपल्या शेजारच्या पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर बोंव्हँ याने सप्टेंबर १९४० मध्येच द गोलचा पक्ष धरला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.)

पुढे एरिट्रियात, मग उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात बोलार्दिएर लढला. एल अलामेनच्या रणधुमाळीत सुरुंगाने जबर जखमी झाला. बरा झाल्यावर त्याने हवाई छत्री बांधली आणि एप्रिल १९४४ मध्ये एका रात्री तो आर्देनच्या अरण्यात उतरला. फ्रान्सच्या ईशान्येचा हा डोंगराळ, दाट झाडीचा भाग बेल्जमच्या सरहद्दीला लागून आहे. तेथे लपून राहिलेल्या तरुणांना एकत्र करून जर्मनांविरुद्ध उठवायचे, हे त्याचे काम. ६ जूनला दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्याची वार्ता फुटली आणि आसपासच्या गावांतली पोरे उत्साहाने रानात धावत आली. त्यांच्यापैकी अनेकांना बंदूक हाती धरण्याचे शिक्षण तर सोडाच, बंदूकही मिळालेली नव्हती. १२ जूनला जर्मन फौजेने मानीझ येथील तळाला वेढा घातला. बोलार्दिएर आणि काही सोबती वेढ्यातून निसटले. एकशे सहा जण हाती सापडले. त्यांचे हाल हाल करून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या पोरांना आपल्या शब्दावर रानात थांबविले त्यांचे असे होताना पाहिलेल्या अधिकाऱ्याला, ‘कैद्याचे हाल करणे’ या शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता उरत नाही.

युद्ध संपले. ८ मे १९४५ हा युरोपच्या विजयाचा दिवस. पॅरिसमध्ये लोक नाचत होते. त्याच दिवशी अल्जीरियातील सेतिफ गावी विजयाच्या मिरवणुकीत काही मुसलमान तरुणांनी अल्जीरियाचे निशाण उभारले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जमावाने युरोपियनांवर हात टाकला. त्या दंगलीत शंभरावर युरोपियन मारले गेले. आणि नंतर सैन्याने व वसाहतवाल्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी जो सूड उगविला त्यात मेलेल्यांचा आकडा काही हजार मानणाऱ्यांपासून पंचेचाळीस हजार मानणाऱ्यांपर्यंत सगळे आहेत. स्वातंत्र्याचा विजय साजरा करणाऱ्या देशाला दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचे निशाण मिरवणुकीत सहन झाले नाही.

मग इंडोचायना. नाझींशी लढलेले बहुतेक तरुण अधिकारी तिकडे पाठविण्यात आले, बोलार्दिएरही गेला. आता भूमिका उलटल्या होत्या. झाडीत दडून राहणारा, गावकऱ्यांच्या भाकरीवर जगणारा, रात्री पूल उडविणारा शत्रू समोर होता, आणि गावे धुंडाळीत फिरणारी सुसज्ज फौज ही आपली होती. आठ वर्षांच्या त्या युद्धाचा शेवट ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फूला झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. सहा महिने गेले नाहीत तोच, १ नोव्हेंबरला, अल्जीरियात उठाव झाला.

अल्जीरिया म्हणजे फ्रान्सच्या लेखी वसाहत नव्हती. तीन जिल्हे होते आणि त्यांत सुमारे दहा लक्ष युरोपियन पिढ्यान् पिढ्या राहत होते. ३० सप्टेंबर १९५६ रोजी अल्जिअर्समधील एका मिल्क बारमध्ये बंडखोरांनी ठेवलेला बाँब फुटला. आइसक्रीम खायला आलेली माणसे आणि पोरे त्यात सापडली. हे विसरून पुढचे वाचले तर आपण एका बाजूचे वकील होऊ, आणि मला तसे व्हायचे नाही. जानेवारी १९५७ मध्ये सरकारने अल्जिअर्स शहरातील पोलिसांचे सारे अधिकार सेनापती मास्यू याच्या छत्रीधारी फौजेच्या हवाली केले. बाँब थांबवा, कसे ते आम्हाला विचारू नका, असा त्या हवाली करण्याचा खरा अर्थ होता.

हे करणारे सरकार कोणाचे होते? पंतप्रधान गी मोले, अल्जीरियाचा मंत्री लाकोस्त, संरक्षणमंत्री बुर्जेस-मोनूरी, न्यायमंत्री मित्तेराँ हे सगळे जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत काम केलेले. मास्यू स्वतः चाडच्या वाळवंटातून लक्लेर्कबरोबर निघालेला द गोलचा शिपाई. माणसे तीच, हे पाहून मला सर्वांत जास्त धक्का बसला. हाल करणारे कोणी वेगळ्या जातीचे राक्षस असतात, अशी आपली समजूत असते. येथे तर मुक्तियुद्धाचेच मानकरी विजेच्या तारा आणि पाण्याच्या बादल्या घेऊन बसले होते.

बोलार्दिएरच्या ताब्यात अल्जिअर्सच्या दक्षिणेचा ब्लिदाजवळील डोंगराळ मुलूख होता. त्याने आपल्या अधिकाऱ्यांना बजावले की माझ्या हद्दीत कैद्याला हात लावायचा नाही. राखीव दलातून बोलावलेल्या शिपायांना त्याने रस्ते करण्याच्या, लोकांना काम देण्याच्या उद्योगाला जुंपले. मास्यूला हे पसंत पडले नाही. त्याला हवी होती खबर, आणि तीही रातोरात. मार्चमध्ये दोघांची गाठ पडली, बोलाचाली झाली. बोलार्दिएरने सांगितले की मला या पदावरून मुक्त करा. त्याच्या हाताखाली लेफ्टनंट म्हणून राहिलेला पत्रकार सेर्व्हां-श्रायबर त्या वेळी आपले अल्जीरियातील अनुभव छापीत होता आणि त्यापायी सैन्याचे मनोबल खच्ची केल्याचा आरोप त्याच्यावर आला होता. त्याने आपल्या जुन्या सेनापतीकडे साक्ष मागितली. सेनापतीने दिली. तात्कालिक उपयोगाच्या सबबीखाली ज्या मूल्यांवर आपले सैन्य मोठे झाले ती मूल्ये नजरेआड करणे किती भयंकर आहे, अशा आशयाचे ते पत्र २९ मार्चच्या अंकात छापून आले. आणि कैद झाली.

त्याच महिन्यात आणखी एकाने पत्र लिहिले, पण ते छापून आले नाही. पोल तेतजेन हा अल्जिअर्सच्या पोलीस खात्याचा वरिष्ठ मुलकी अधिकारी. महायुद्धात गेस्टापोने त्याला नांसीच्या तळघरात नेऊन त्याचे हाल केले होते. पुढे डाखाऊच्या छळछावणीत धाडले होते. आता तो एका छावणीत कैदी पाहायला गेला आणि त्यांच्या अंगावर त्याला तेच वळ दिसले. चौदा वर्षांपूर्वी मी जे सोसले त्याच्या खुणा मी ओळखल्या, असे त्याने लाकोस्तला कळविले आणि राजीनामा पुढे केला. त्याला थांबवून घेण्यात आले. हा माणूस मोठा चिवट. स्थानबद्धतेच्या प्रत्येक हुकुमावर त्याची सही लागत असे. त्याने सह्यांचा हिशेब ठेवला. अशा सुमारे चोवीस हजार हुकुमांवर त्याने सही केली होती, आणि ताळा जुळवून पाहिला तेव्हा तीन हजार चोवीस माणसे कोठेच नव्हती. सप्टेंबरमध्ये तो नोकरी सोडून गेला. या आकड्याविषयी इतिहासकारांत वाद आहे. पण आपल्याच सहीच्या कागदांवरून बेपत्ता माणसे मोजीत बसलेला तो कारकुनी वळणाचा गृहस्थ माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तेव्हा आकड्याचा वाद मला दुय्यम वाटतो.

याच तेतजेनची आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर १९५६ मध्ये ईव्हतों नावाचा एक युरोपियन कम्युनिस्ट कामगार गॅसच्या कारखान्यात बाँब ठेवताना पकडला गेला. दुसरा एक बाँब शहरात कोठे तरी आहे असे कळले. त्याला बोलते करण्याची परवानगी तेतजेनकडे मागण्यात आली. त्याने दिली नाही. ती सारी दुपार त्याने कशी काढली असेल! बाँब फुटला नाही. ईव्हतोंचे हाल मात्र पोलिसांनी परवानगीवाचूनच केले आणि फेब्रुवारीत त्याचा शिरच्छेद झाला.

या दोघांच्या उलट टोकाला ओसारेस. हाही महायुद्धात शत्रूच्या मुलखात छत्रीने उतरलेला, द गोलच्या गुप्त खात्यातला. अल्जिअर्समध्ये रात्रीची कामे त्याच्याकडे होती. बंडखोरांचा पुढारी लार्बी बेन म्हीदी मार्च १९५७ मध्ये कैदेत मेला, तेव्हा त्याने आत्महत्या केली असे जाहीर झाले. त्रेचाळीसहून अधिक वर्षे लोटल्यावर, २००१ साली, ओसारेसने पुस्तक लिहून सांगितले की आम्ही त्याला मारले. आणि त्यात पश्चात्तापाचा शब्द नव्हता. न्यायालयाने युद्धगुन्ह्यांचे समर्थन केल्याबद्दल त्याला साडेसात हजार युरो दंड केला. गुन्ह्याबद्दल नव्हे बरे का, समर्थनाबद्दल! कारण गुन्ह्यांना माफी केव्हाच देऊन झाली होती. मास्यूने मात्र २००० साली, वयाच्या नव्वदीत, हे सारे टाळता आले असते, असे कबूल केले. बेन म्हीदीला फ्रेंच सैनिकांनीच मारले हे फ्रान्सच्या अध्यक्षांनी अधिकृतपणे मान्य केले ते १ नोव्हेंबर २०२४ रोजी.

येथवर गोष्ट सोपी आहे. चांगला कोण, वाईट कोण हे सांगता येते. पण एली द सें-मार्क भेटला की माझी तरी मती गुंग होते. बोर्दोचा हा मुलगा एकोणीस-विसाव्या वर्षी भूमिगत चळवळीत शिरला, १९४३ मध्ये स्पेनची सरहद्द ओलांडताना पकडला गेला, बुखेनवाल्डला गेला. सुटका झाली तेव्हा वजन बेचाळीस किलो, आणि स्वतःचे नावही आठवत नव्हते. पुढे तोही लेजियोंत गेला, इंडोचायनात गेला. चीनच्या सरहद्दीजवळच्या ता-लुंग गावी त्याने गावकऱ्यांना आपल्या बाजूला घेतले, तुमचे रक्षण आम्ही करू असा शब्द दिला. मग ठाणे उठविण्याचा हुकूम आला. गावकरी लष्करी मोटारींना लोंबकळू लागले, आणि त्यांच्या हातांवर बंदुकीचे दस्ते मारून त्यांना खाली पाडण्यात आले. ते हात त्याला जन्मभर दिसत राहिले.

अल्जीरियातही हेच घडणार, हे त्याने १९६१ मध्ये ओळखले. फ्रान्सच्या बाजूने लढणाऱ्या मुसलमान शिपायांना, ‘हार्कीं’ना, सोडून जायचे होते. २१ एप्रिलच्या रात्री शाल आदी चार सेनापतींनी द गोलविरुद्ध बंड केले, तेव्हा सें-मार्कने आपली पलटण घेऊन अल्जिअर्स ताब्यात घेतले. चार दिवसांत बंड फसले. न्यायालयापुढे तो म्हणाला त्याचा आशय असा की, सैनिकाकडून प्राण मागता येतात, परंतु दिलेला शब्द मोड असे त्याला सांगता येत नाही. दहा वर्षांची शिक्षा झाली. पाच वर्षांनी सुटला. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर हार्कींची हजारोंनी कत्तल झाली, म्हणजे त्याचे भय खोटे नव्हते. तरीही लोकांनी निवडलेल्या सरकारावर रणगाडे घेऊन जाण्याचा अधिकार त्याला नव्हता असेच मी म्हणेन. शब्द त्याचा होता, पलटण त्याची नव्हती. शिवाय ज्या फौजेचा तो अधिकारी होता तिने अल्जिअर्समध्ये काय केले त्याचा हिशेब त्या शब्दात कोठे बसतो, हेही विचारावेसे वाटते. माझ्या एका मित्राला माझे हे म्हणणे मान्य नाही. १९४० मध्ये बोलार्दिएरने तरी काय वेगळे केले, असे तो विचारतो. या प्रश्नावर आमची एक सबंध संध्याकाळ गेली आहे. बोलार्दिएर एकटा होडीत बसला, त्याने आपल्याच लोकांच्या शहरावर फौज चालवून नेली नाही, एवढे एकच उत्तर मला सापडले.

बोलार्दिएरने त्या बंडाच्या वेळीच सैन्याचा निरोप घेतला. पुढे १९७० साली त्याने अहिंसेवर एक व्याख्यान ऐकले आणि गांधीजींचे लिखाण वाचू लागला. येथे आपल्या वर्ध्याचा धागा या फ्रेंच गोष्टीत येऊन मिळतो. लांझा देल वास्तो हा इटलीचा सरदारपुत्र १९३७ च्या सुमारास वर्ध्याला गांधीजींपाशी राहिला होता. गांधीजींनी त्याचे नाव शांतिदास ठेवले. चरखा घेऊन तो फ्रान्सला गेला, तेथे त्याने आश्रम काढला. १९५७ मध्ये, बोलार्दिएर कैदेत होता त्याच सुमारास, अल्जीरियातील छळाविरुद्ध पॅरिसजवळ क्लिशी येथे त्याने सुमारे तीन आठवडे उपवास केला. पुढे १९७१ मध्ये लार्झाकच्या माळावरची लष्करी छावणी वाढवून मेंढपाळ शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्याचे सरकारने ठरविले, तेव्हा तो म्हातारा पुन्हा उपवासाला बसला. शेतकऱ्यांनी आपल्या साठ मेंढ्या थेट आयफेल मनोऱ्याखाली नेऊन चारल्या! दहा वर्षे हा लढा चालला, बोलार्दिएरने त्याला पाठिंबा दिला, आणि १९८१ मध्ये छावणीचा बेत रद्द झाला. रद्द करणारे अध्यक्ष होते मित्तेराँ, म्हणजे १९५७ सालचे न्यायमंत्री. १९७३ च्या जुलैत तर हा पासष्ट वर्षांचा माजी सेनापती एका शिडाच्या जहाजात बसून पॅसिफिकमधील म्युरुरोआ बेटाकडे, अणुस्फोटाच्या जागी गेला. फ्रेंच आरमाराने जहाज पकडले. आयुष्यात दोनदा तो असा होडीत बसला. १९८६ च्या फेब्रुवारीत तो वारला.

सैन्याच्या नियमावलीत मात्र बदल झाला. कायद्याविरुद्ध वा युद्धाच्या रूढींविरुद्ध कृत्य करण्याचा हुकूम देऊ नये आणि मानू नये, असे १९६६ च्या शिस्तीच्या नियमांत लिहिले गेले. पण फौज परदेशी जाणे काही थांबले नाही. आफ्रिकेतील वसाहती १९६० च्या आसपास स्वतंत्र झाल्या, तरी डाकार, लिब्रव्हील, जिबूती, चाड येथे तळ राहिले. १९७८ मध्ये झाईरमधील कोल्वेझीला लेजियोंच्या सैनिकांनी छत्र्यांनी उतरून ओलिसांना सोडविले. १९९४ मध्ये रुआंडात वंशसंहार झाला, त्याबाबत फ्रान्सवर भारी जबाबदारी येते असा निर्वाळा फ्रेंच इतिहासकारांच्याच समितीने २०२१ मध्ये दिला. २००५ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये फ्रेंच सैनिकांनी माहे नावाच्या एका जखमी कैद्याला चिलखती गाडीत प्लॅस्टिकची पिशवी तोंडावर बांधून मारले. खटल्यात कर्नलचे म्हणणे असे की वरून आलेला हुकूम मी खाली पोचविला. वरच्या सेनापतीवर खटला चालला नाही. २०१२ मध्ये तिघे दोषी ठरले आणि तिघांच्याही शिक्षा स्थगित ठेवण्यात आल्या. १९६६ चा नियम त्या वेळी पुस्तकात होताच.

जानेवारी २०१३ मध्ये फ्रेंच फौज मालीत उतरली तेव्हा टिंबक्टूच्या लोकांनी तिचे नाचून स्वागत केले. जिहादी टोळ्यांपासून त्यांची खरोखरच सुटका झाली होती. आठ वर्षांनी, ३ जानेवारी २०२१ रोजी, बूंती गावावर फ्रेंच विमानांनी बाँब टाकले. तेथे लग्नाचा मेळा होता आणि मेलेल्यांपैकी एकोणीस जण साधे नागरिक होते, असे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत आढळले. फ्रान्सने ते नाकारले. ऑगस्ट २०२२ मध्ये फ्रेंच फौजेला माली सोडावे लागले, २०२३ मध्ये बुर्किना फासो आणि नायजर, २०२५ च्या जानेवारीत चाड.

१७ जुलै २०२५ रोजी डाकारचा तळही सेनेगलच्या ताब्यात देण्यात आला. त्याच डाकारच्या उपनगरात थियारॉय नावाची छावणी होती. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेले फ्रान्सचे आफ्रिकी शिपाई तेथे आपला थकलेला पगार मागत होते, तेव्हा १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच फौजेने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मानीझच्या पोरांना मारले त्याच सालची ही गोष्ट. फ्रान्सने तेव्हा पस्तीस मेले असे सांगितले. ती कत्तल होती हे मान्य करायला ऐंशी वर्षे लागली. थियारॉयच्या दफनभूमीत पांढऱ्या, बिननावाच्या थडग्यांच्या रांगा आहेत. त्यांत कोण आणि किती जण आहेत, हे शोधण्यासाठी सेनेगलच्या सरकारने २०२५ मध्ये तेथे खोदकाम सुरू केले.